थडग्यासाठी केबल

विदोसावाचं थडगं तयार होतं. तिचं स्वतःचं जायचं मात्र अजून काही ठरलं नव्हतं.

दोन्या क्रुश्का गावात थोडी तरी समज असलेला माणूस आपला दगड जिवंतपणीच उभा करून ठेवतो. पोरांवर सोडलं, तर पोरं सिमेंटवर भागवतात. म्हणून विदोसावानं आणि तिच्या नवऱ्यानं, झिवादिननं, काळ्या ग्रॅनाइटचा जोडदगड घेतला. दोघांचे चेहरे, खाली नावं, जन्मसाल, मग एक आडवी रेघ आणि रेघेपुढे मोकळी जागा. ती मोकळी जागा कुणाला खुपत नव्हती. खुपत होता तो चेहरा.

झालं होतं असं, की दगड कोरणाऱ्या चेदाला झिवादिननं स्वतःचा फौजेतला फोटो दिला. तिरकी टोपी, काळ्याभोर मिश्या, नजर थेट शत्रूवर. आणि बायकोचा कुठला दिला? दवाखान्याच्या कार्डावरचा. तो काढला त्या दिवशी विदोसावाची दाढ उपटली होती. चेदा इमानदार कारागीर. समोर असेल ते कोरायचं, आपलं डोकं घालायचं नाही, हा त्याचा बाणा. मागे एका मयताच्या फोटोवर कॉफीचा डाग होता, तोही त्यानं हुबेहूब कोरला होता, आणि विधवेला तो फार आवडला होता. त्यानं विदोसावाचा सुजलेला गालही तितक्याच मायेनं कोरला.

शेजारच्या देसांकानं दगड पाहिला, छातीवर क्रूसाची खूण केली आणि म्हणाली, "छान झालाय गं. तुझी सासू तर अगदी आता बोलेल असं वाटतंय."

त्या दिवसापासून विदोसावा झिवादिनशी फक्त कामापुरतं बोलत होती.

"अगं, काय फरक पडतो?" झिवादिन म्हणाला. "तू खाली असणार. तुला कुठे दिसणारे ते?"

"शनिवारी सगळ्या गावाला दिसणारे! लोक म्हणतील, झिवादिन आईशेजारी पुरून घेतोय, बायकोचं काय केलं?"

शनिवार पितरांचा होता. त्या दिवशी सगळं गाव मेणबत्त्या, वाइन आणि साखर घातलेले शिजवलेले गहू घेऊन स्मशानात जमतं, आपल्या माणसांच्या थडग्यांवर बसून जेवतं आणि दुसऱ्यांच्या थडग्यांना नावं ठेवतं.

चेदानं उपाय सांगितला. "घासून पुन्हा कोरतो, काकू. पण एकदाच हं. दुसऱ्यांदा घासलं तर तुमची बाजू काकांपेक्षा खोल जाईल आणि पावसाचं पाणी तुमच्या तोंडावर साचेल. शुक्रवारी सकाळी जनरेटर घेऊन येतो. फोटो चांगला द्या."

चांगला फोटो होता. एकच होता. मुलाच्या, बोबानच्या, लग्नातला. केस सेट केलेले, गळ्यात मोती, हसू असं की फोटोग्राफरसुद्धा नवरी सोडून तिच्याकडे वळला होता. पण बोबानचं ते लग्न मोडलं, तेव्हा त्यानं व्हिएन्नात बसून सगळे फोटो पुसून टाकले. राहिला तो फक्त त्यानंच कधीकाळी पाठवलेल्या जुन्या टॅबलेटमध्ये. टॅबलेट कपाटात, चादरींच्या घडीत होता, आणि त्याच्यातला जीव कधीच गेला होता.

"याची केबल कुठंय?" विदोसावानं विचारलं.

झिवादिन खिडकीबाहेर बघू लागला.

"झिवादिन!"

"द्राक्षाचा वेल बांधलाय तिनं," तो म्हणाला. "मजबूत आहे पण. दोन वादळं काढली तिनं."

विदोसावा विळा घेऊन बाहेर गेली. केबलचा मधला भाग तेवढा मिळाला. दोन्ही टोकं झिवादिननं "नडत होती" म्हणून छाटली होती.

मग केबलींची पिशवी निघाली. ती प्रत्येक घरात असते. मेलेल्या फोनांच्या, हरवलेल्या कॅमेऱ्यांच्या, कुणाच्या कशाच्या ते देवालाही ठाऊक नसलेल्या केबली. त्या फेकत नाहीत, कारण फेकली की दुसऱ्या दिवशी लागते. विदोसावानं एकेक लावून पाहिली. एक फार बारीक, एक फार जाड, एक तर दाढी करायच्या मशीनची निघाली. टॅबलेटचं भोक लांबट आणि चपटं होतं, टपालपेटीसारखं.

"टॅबलेटच घेऊन जाते बाजारात," ती म्हणाली.

"बसमधून?" झिवादिन दचकला. "दोन्हीकडच्या खिडक्या उघड्या असतात. आरपार वारा! आधीच अशक्त झालाय तो. वारा लागूनच माझा काका गेला."

"तुझा काका नव्वदीत गेला."

"पण वारा लागूनच गेला ना?"

आरपार वाऱ्याची थट्टा तिच्याही माहेरी कुणी करत नसे. तेव्हा टॅबलेट घरी ठेवायचा आणि भोकाचं माप न्यायचं असं ठरलं. किल्लीचं माप साबणात घेतात, पण साबणाचा फेस होईल. हाताशी होतं ते मिठाच्या पाण्यातलं पांढरं चीज. तिनं एक ओला तुकडा भोकात दाबला, दम धरला आणि अलगद बाहेर ओढला. समोर नाजूक, चपटी जीभ आली होती. शिंप्यानंही असं माप घेतलं नसतं. ती जीभ तिनं द्राक्षाच्या पानात गुंडाळली आणि बस पकडली.

बाजारात ल्युबिशाची टपरी होती. केबली खाटकाकडच्या सॉसेजसारख्या लोंबत होत्या. विदोसावानं पान उघडून पुढे केलं. "पोरा, हे बघ जरा..."

बाजारात कुणी चीज पुढे केलं की काय करायचं, हे ल्युबिशाच्या सात पिढ्यांना ठाऊक होतं. त्यानं ते तोंडात टाकलं.

"खारट आहे," तो डोळे मिटून म्हणाला. "पण झकास. शेळीचं?"

विदोसावानं रिकाम्या पानाकडे बघितलं. "ते... ते माप होतं!"

"कसलं माप, मावशे?"

"भोकाचं! टॅबलेटच्या! तू माझं माप खाल्लंस, मेल्या!"

ल्युबिशा थबकला. मग त्यानं हात वर करून तिला गप्प केलं आणि जीभ टाळूवर सावकाश फिरवली.

"थांब. पातळ होतं," तो पुटपुटला. "आणि रुंद. अंगठ्याच्या नखापेक्षाही रुंद. कडा... कडा गोल." त्यानं डोळे उघडले. "जुन्यातली रुंद पिनची! पाच-सहा वर्षांत कुणी मागितली नाही."

तो टपरीखाली शिरला आणि दोन केबली घेऊन वर आला. एक लांबलचक, आत निळे दिवे चमकणारी. दुसरी आखूड, जाडजूड, पांढरी, दिसायला दवाखान्यातल्या नर्ससारखी.

"ही चमकणारी दे," विदोसावा म्हणाली. "लांब पण आहे."

"चमकते, पण चार्ज करत नाही. आत केसासारखी तार आहे. जितकी लांब तितका रस वाटेतच मुरतो. टॅबलेट म्हणजे डुक्कर, मावशे, फोनासारखा चिमणीएवढं खात नाही. त्याला जाड तार लागते. आणि चार्जरपण फोनाचा चिमुकला लावू नकोस, त्याचा स्वतःचा मोठा लाव. आहे ना?"

"आहे. त्यानं काही बांधता येत नाही, म्हणून वाचला."

तिनं नर्स घेतली. ल्युबिशानं पुढच्या खेपेला मापाचं किलोभर आणायला सांगितलं.

घरी येऊन केबल लावली. खट्ट करून बसली, जणू इतकी वर्षं वाट बघत होती. टॅबलेट काळाच राहिला. दोघं त्याच्या दोन बाजूंना बसून बघत राहिले, आजाऱ्याजवळ बसतात तसे.

"गेला," झिवादिन म्हणाला आणि टोपी काढली.

विदोसावानं भोकात डोकावून पाहिलं. आत चीज होतं. बरंच होतं. माप तेवढं बाहेर आलं होतं, बाकीचं आतच मुक्कामाला राहिलं होतं.

केबल काढून तिनं दात कोरायच्या काडीनं होईल तेवढं खरवडलं, पण मिठाचा पांढरा थर हटेना. तेव्हा झिवादिन उठला आणि राकिया, घरची आलुबुखाराची कडक दारू, घेऊन आला, दुहेरी गाळलेली, जिच्यानं त्यानं आजवर सर्दी, गुडघा आणि जावई बरे केले होते. एक पेला स्वतः प्यायला, धीर यावा म्हणून. मग काडीला कापूस गुंडाळला, राकियात बुडवला आणि भोक आतून पुसून काढलं, तान्ह्याचा कान पुसावा तसं. आख्ख्या संसारात विदोसावानं त्याला इतक्या हळुवारपणे काही करताना पाहिलं नव्हतं. तिचा राग जरासा सैल झाला. जरासाच.

भोक सुकल्यावर केबल पुन्हा लावली. जेवणं झाली. आणि भांडी विसळताना तिला आतून झिवादिनची हाक ऐकू आली, "विदा! डोळा उघडला!"

फोटो होता. मोती, केस, हसू, सगळं जसंच्या तसं. झिवादिन खूप वेळ बघत राहिला. "अशी होतीस होय तू?" तो म्हणाला.

"होते म्हणजे?"

शुक्रवारी टॅबलेट लोकरीच्या शालीत गुंडाळून स्मशानात नेला. केबल काढली की तो लगेच मान टाकायचा, म्हणून चेदाच्या जनरेटरला जोडून दगडाशी टेकवून ठेवला. चेदानं जुना चेहरा घासला, कपाळाला पट्टी बांधली, सुई हातात घेतली आणि सगळ्यांना हाकलून दिलं. कुणी बघत असलं की त्याचा हात बिघडे.

शनिवारी विदोसावा गव्हाचं भांडं घेऊन गेली, तर दगडापुढे अर्धं गाव आधीच जमलेलं. गर्दीतून वाट काढत ती पुढे आली.

चेहरा अप्रतिम होता. मोती मोजता आले असते. शेजारचा झिवादिन तिच्यापुढे नवखा शिपाई वाटत होता. आणि तिच्या केसांच्या वर, उजव्या कोपऱ्यात, तितक्याच सुबकपणे कोरलेली एक छोटीशी बॅटरी होती. जवळजवळ रिकामी. आत तळाला एक बारीक रेघ, आणि तिच्यावर विजेचा बाण.

"फोटोत होती," चेदा म्हणाला. "मी माझं डोकं घालत नाही."

देसांका वाकली, नीट बघून सरळ झाली आणि म्हणाली, "अगं बाई, तुझं तर संपतच आलंय."

विदोसावानं दगडाकडे बघितलं. दुसऱ्यांदा घासता येणार नव्हता. मग तिनं भांड्याचं झाकण काढलं आणि देसांकाच्या हातावर चमचाभर गहू ठेवले.

"संपत आलंय," ती म्हणाली. "पण चार्जिंगला लावलंय."

गाव हसलं, वाइन वाटली गेली, आणि दुपारपर्यंत तिघींनी चेदाला बाजूला घेऊन आपल्या बॅटरीची चौकशी केली. देसांका त्यातली पहिली.

झिवादिन मात्र जेवला नाही. मान वर करून तो दगडावरच्या आपल्या टोपीशेजारच्या कोपऱ्याकडे बघत होता.

"चेदा," शेवटी तो म्हणाला, "मलापण एक टाक. भरलेली."

"नाही जमणार, काका. तुमचा फोटो कागदाचा आहे."