सव्वीस इंचांची बाकं

अब्बांनी बांधलेली गलबतं बसऱ्यापर्यंत जाऊन आली, पण अब्बा स्वतः साठी उलटली तरी मोटारीत बसले नव्हते. महिपतशेठांना हे ठाऊक असतं तर त्यांनी आपली बस आमच्या दारात आणलीच नसती. मला ठाऊक होतं, आणि मी गप्प राहिले. का राहू नये? चोपन्न साली गलबताला गिऱ्हाईक उरलं नव्हतं. मुंबईहून भावाचं, रमजानचं, पत्र आलं होतं: गोदीत सुताराची जागा आहे, अब्बांनी यावं, सुरय्याला चिपळूणला मावशीकडे ठेवावं. म्हणजे बापाने म्हातारपणी दुसऱ्याच्या हाताखाली रंधा मारायचा आणि मी मावशीची चूल फुंकायची. बसचं काम मिळालं तेव्हा मी अल्लाचे आभार मानले.

शेठांना गाडी नव्या तऱ्हेची करून हवी होती. जुन्या गाडीत दोन्ही बाजूंना लांब फळ्या होत्या, लोक समोरासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसायचे. आता सगळ्यांची तोंडं पुढे, सहा रांगा, चोवीस माणसं, खिडक्यांना काचा. त्यांनी मुंबईहून नकाशाही आणला होता. अब्बांनी तो न उघडताच टोपीखाली ठेवला आणि नजर आणि वीत यांच्या भरवशावर कामाला लागले. महिनाभर आमच्या राजिवड्यात, पुळणीच्या वाळूवर ठोकाठोक चालली. काथ्या भरून गाद्या मी शिवल्या. चांगल्या ऐसपैस झाल्या, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

गाडी बघायला शेठ आत शिरले आणि लालबुंद होऊन बाहेर आले.

"मिस्त्री, रांगा पाचच? चार माणसं काय टपावर बसवू? नकाशात बाक सोळा इंच रुंद, तुमचं सव्वीस! आणि पाय कुठे ठेवायचे?"

"बाकावर," अब्बा म्हणाले. "माणूस बसला की मांडी घालतो. पाय खाली सोडून लोंबाला तो काय फणस हाय?"

मी कपाळावर हात मारला. अब्बांनी स्वतःच्या मांडीचं माप घेतलं होतं.

"कापा ती बाकं."

"नाय कापाचा. मी बसवलेली फळी मी काढत नाय."

"मग गाडी कोल्हापूरला नेतो. पुढच्या तीन गाड्याही तिकडेच."

अब्बा मात्र शांतपणे विडी पेटवत होते. मला त्यांचा इतका राग आला की मी मध्ये तोंड घातलं. "शेठ, आधी अब्बांना गाडीतून फिरवा. ते मोटारीत कधी बसलेच नाहीत."

शेठांनी लगेच ड्रायव्हरला हाक मारली. अब्बांनी माझ्याकडे पाहिलं ते मी नव्या गलबताला भोक पाडल्यासारखं.

ड्रायव्हर रघूने आम्हा सगळ्यांना घेऊन गाडी हातखंब्याच्या रस्त्याला काढली. अब्बा मधल्या बाकावर मांडी घालून ताठ बसले. मिरजोळ्यापर्यंत सगळं ठीक होतं. "बघा, नवाब बसलाय," असंही त्यांचं म्हणून झालं. मग वळण आलं. मांडी घातलेला माणूस रेटा कशाने देणार? अब्बा घसरले ते थेट मधल्या वाटेत. उठून पुन्हा मांडी घातली. पुढचं वळण उलट्या बाजूचं, त्यात डोकं काचेवर आपटलं. शेठ हसले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. मी तोंडात पदर कोंबला.

तिसऱ्या वळणाआधी अब्बांनी गुपचूप पाय खाली सोडले. पण जागा होती कुठे? त्यांनीच ठेवली नव्हती. गुडघे वाकडे करून, पुढचं बाक धरून ते कसेबसे बसले.

"रघू, थांबव रे."

खाली उतरून त्यांनी डोकं चोळलं. "दर्या सांगून हलतो, शेठ. तुमची मोटार सांगत नाय." मग टोपीखालून नकाशा काढून त्यांनी तो पहिल्यांदाच उघडला. "सोळा इंच ना? करतो. सहा रांगा बसतील."

"मग तीन गाड्याही तुमच्याच," शेठ म्हणाले.

मला तिथेच रस्त्यावर रडू कोसळलं. महिनाभर छातीवर ठेवलेला धोंडा कुणी उचलावा तसं वाटलं. मला गाडी लागली असं समजून रघू पाणी घेऊन धावला.

दुसऱ्या दिवशी अब्बा स्वतःच्या हाताने फळ्या उपटत होते आणि मी बाजूला बसून रमजानला पत्र लिहीत होते.

"काय लिवतेस?"

"तुम्ही येत नाही म्हणून."

"लिव. आणि लिव की पोरीला मी कुठं धाडत नाय."