मापाशेजारची टिंबं

सॉफ्टवेअर बनवायच्या आधी गिऱ्हाइकाला नक्की काय हवंय ते खणून काढायचं, हे माझं काम. माणसं हवंय ते सोडून बाकी सगळं सांगतात. म्हणून मी एकच प्रश्न तीन-तीनदा विचारते आणि बऱ्याच जणांच्या डोक्यात जाते.

त्या दिवशी शिंप्याचं दुकान होतं. कापायच्या लांब टेबलाच्या एका टोकाला मास्तर, दुसऱ्या टोकाला त्यांचा मुलगा. मुलाने दुकान नुकतंच हातात घेतलं होतं. "सगळी मापं कॉम्प्युटरवर चढवायची," तो एका दमात म्हणाला. "गिऱ्हाइकाला स्वतःचं माप मोबाइलवर दिसलं पाहिजे. हे झालं की बाबा घरी बसायला मोकळे."

"मी कुठे म्हटलं मला बसायचंय?" मास्तर पुटपुटले. कापडावर रेघ मारणारा त्यांचा खडू थांबला होता. घरी बसायचं त्यांच्या अगदी जिवावर आलं होतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. मुलाला दिसत नव्हतं.

मी मापांची वही उघडली. कंबर छत्तीस, शेजारी दोन टिंबं. कंबर चाळीस, तीन टिंबं.

"काका, ही टिंबं कसली?"

"पेन गळतं त्यांचं," मुलगा म्हणाला.

मास्तर पुन्हा रेघ मारू लागले. तिसऱ्यांदा विचारल्यावर ते वैतागले. "एक टिंब म्हणजे एक इंच! टेप अडतीस दाखवते, मी मोठ्याने छत्तीस म्हणतो आणि कापताना अडतीस कापतो. माणूस खुशीत घरी जातो. झाकली मूठ सव्वा लाखाची."

मुलगा ताडकन उठला. गेल्या महिन्यात मास्तर आजारी असताना त्याने वहीबरहुकूम अकरा पँटी शिवल्या होत्या आणि अकराच्या अकरा कमरेत आवळतात म्हणून परत आल्या होत्या.

"आणि मी कापडाला शिव्या देत बसलो! ही फसवणूक आहे, बाबा. मोबाइलवर खरं माप दिसणार. प्रत्येकाला."

मी लिहून घेतलं आणि सवयीने विचारलं, "अपवाद?"

"एकही नाही."

"मग घरापासूनच सुरुवात करू," मास्तर म्हणाले आणि त्यांनी वहीचं शेवटचं पान माझ्यापुढे सरकवलं. मुलाचं नाव. कंबर चौतीस. टिंबं मी दोनदा मोजली. पाच.

मुलाने वाकून पाहिलं आणि पोट आत घेतलं.

"हे कधीपासून?"

"लग्नापासून. आधी एकच होतं."

मला हसू आवरेना, म्हणून मी मान खाली घालून 'अपवाद: एक' असं लिहिलं.

"ते खोडा," मुलगा पडेल आवाजात म्हणाला. "टिंबं राहू देत. फक्त गिऱ्हाइकाला दिसायला नकोत."

"कुणाला किती द्यायची, याचा नियम काय?" मी मास्तरांना विचारलं.

"नियम कसला? माणूस आत आला की त्याच्या तोंडाकडे बघायचं. नोकरी गेलेल्याला एक जास्त. नवरदेवाला दोन."

"हे कॉम्प्युटरला शिकवणं मला जमायचं नाही," मी म्हणाले. असं कबूल करायची माझी पहिलीच वेळ, आणि मला चक्क बरं वाटलं.

मुलाने वही उचलून बाबांपुढे ठेवली. "लिहा," तो शेवटी म्हणाला, "टिंबं द्यायचा अधिकार फक्त बाबांना."

"म्हणजे मला रोज यावं लागणार," मास्तरांनी उगाच कुरकुर केली. पण तोंडावरचा आनंद काही त्यांना लपवता येईना. त्यांनी गळ्यातली टेप काढून लेकाच्या कमरेभोवती घेतली, "श्वास सोड," म्हणाले आणि आकडा नीट निरखून पाहिला.

"चौतीस!" ते मोठ्याने म्हणाले, आणि वहीत सहावं टिंब दिलं.