माडीवरून दिसलेला राजा

हुलसूरचं निजामाच्या काळातलं नाटकाचं थेटर कैक वर्षं तुरीची पोती पोटात घेऊन बसलं होतं. यंदा ते डागडुजी होऊन, रंग लावून पुन्हा उभं राहिलं, आणि पहिल्याच नाटकात राजा कोण? तर दहावीतली विजयश्री! मिशी, फेटा, तलवार, सगळा थाट. पण जीव टांगणीला लागलेला. नाटक बसवणारे चन्नवीर सर हेच नाटक गुलबर्ग्याला नेणार होते, आणि पोरीला पाठवायचं की नाही, हे तिची आई, अव्वा, आज बघून ठरवणार होती. आपण कोण होणार, ते विजयश्रीनं मुद्दामच सांगितलं नव्हतं. अव्वानं ओळखून तोंडात बोट घालावं, एवढीच हौस.

पडदा वर गेला. उजवीकडं गडीमाणसं दाटीवाटीनं बसलेली. डावीकडं, बायांसाठी राखलेल्या खुर्च्या... रिकाम्या! एक पदर दिसेना. अव्वा आलीच नाही की काय? घोगऱ्या आवाजात तिनं "प्रधानजी!" म्हटलं, तर खसखस पिकली ती थेट वरून, छतातून. आता हे काय? त्यात लाइट तोंड सोडून फेट्यावर, तलवारीवर. डावीकडं सरकली, अंधार. उजवीकडं सरकली, तरी अंधार. सरकता सरकता प्रधानाच्या पायावर पाय पडला, तो कळवळला आणि टाळ्याच टाळ्या! कशाला, ते तिला कळेना.

मध्यंतरात लाइटवाला हरिओम घाम पुसत आला. "अगं, साऱ्या बाया माडीवर, जाळीमागं बसल्यात! सासवांच्या वक्तापासून आमची जागा हीच, म्हणायल्यात. माझा लाइट त्यांच्यामागं, त्यांच्या डोक्यांची सावली तुझ्या तोंडावर. 'अक्का, डोकी जरा खाली घ्या,' म्हटलं, तर मलाच म्हणतात, 'बायांत काय करायलास रे?'"

नाटक संपलं. मिशी पुसून, राजाचा वेश उतरवून विजयश्री धावली. अव्वा तोंड फुगवून जिना उतरत होती.

"काय गं, होतीस कुठं? डोळे फाडून बघायले, तू आलीच न्हाईस!"

"अव्वा, मी तर..."

"गप. तो राजा बघ! तोंड दिसंना, पर काय तोरा! सारं काम त्यालाच कामून? तू जा गुलबर्ग्याला. तुला बी तेवढंच काम पाहिजे, मीच सांगते मास्तरला."

"अगं, राजा मीच!"

"चल! पोटच्या पोरीला मी वळखीत न्हाई व्हय?"

जायला तर मिळालं. मग नाचावं की रडावं? तेवढ्यात समोरून चन्नवीर सर आले आणि लांबूनच हात जोडून म्हणाले, "या, राजमाता!"

अव्वानं मागं वळून बघितलं, कुणाला म्हणायलेत ते.