तिसरा वाफा

“काका, तिसरा वाफा कापला नाहीत ना?” पाण्याची बाटली उजेडात धरून तपासणीवाल्या मुलीनं विचारलं.

“कापला की,” वाफेवाले काका म्हणाले.

आता बोला! पाठीमागे डोक्यावर हातभर उंच पाणकणीस, तेही वाळून तपकिरी पडलेलं, आणि हे म्हणे कापला. थापा मारणं काकांना कधी जमलंच नाही. वसाहतीचं सांडपाणी आधी टाकीत निवळायचं, मग पाणकणीस लावलेल्या खडीच्या या तीन वाफ्यांतून झिरपत खालच्या तळ्यात जायचं. एकवीस वर्षं काका या वाफ्यांची निगा इमानानं राखत आले होते.

“तळं हिरवं पडायला लागलंय,” मुलगी म्हणाली. “पानं वाळून कुजली की वर्षभर खाल्लेलं सगळं खत पुन्हा पाण्यात ओकतात. हे मला कुणी शिकवलं?”

“मीच.”

“मग? पुढच्या महिन्यातला नमुना नापास झाला तर वाफे बुजवून यंत्र बसवणार आहेत. साहेबांनी स्पष्ट सांगितलंय.”

“यंदा ठेकेदाराच्या माणसांनी दोन वाफे कापले. हा मीच कापू दिला नाही,” ते खाली बघत म्हणाले. “हा हिचा आहे गं.”

तिसऱ्या वाफ्यातली पहिली रोपं जळाली, तेव्हा काकूंनी खडीत बोटं घालून एकेक रोप नव्यानं लावलं होतं. दर वर्षी त्या कापायच्या, काका मोळी बांधायचे आणि दोघं दोन टोकांना धरून ती बांधावरून न्यायची. काकू पुढे. “अहो, पाय बघून टाका!” हे मागे न बघताच. त्यांना जाऊन आठ महिने झाले होते. घरी बोलायला चिटपाखरू नव्हतं. इथं डबा उघडून बसलं आणि पानं सळसळली, की काकांना जरा बरं वाटायचं.

“माणूस पाठवू का मदतीला?”

“नको. मीच कापतो.”

दुसऱ्या दिवशी काकांनी विळा घेतला. दुपारपर्यंत वाफा मोकळा झाला आणि पलीकडची भिंत उघडी पडली. त्यांनी मोळी बांधली, दोर आवळला, एका टोकाला वाकून धरलं.

“हं, उचल,” ते म्हणाले.

मोळी हलली नाही. काकांनी पुढे पाहिलं, तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं. हातांनी सवयीनं दोघांची मोळी बांधली होती. मग मात्र काका तिच्यावरच बसून ढसाढसा रडले.

बऱ्याच वेळानं त्यांनी दोर सोडला. मोळी निम्मी केली, एकट्याला पेलेल एवढीच बांधली, खांद्यावर घेतली आणि पाय बघून टाकत बांधावरून निघाले.