नवरदेवाचा डोळा

नवरदेवाला एकच डोळा होता.

प्रणालीने तो सुपारीचा नवरदेव उचलून खिडकीच्या उजेडात धरला. फेटा जागेवर, बाशिंग जागेवर, काळ्या दोऱ्याची मिशीसुद्धा जागेवर. एका बाजूने गुंजेचा लाल डोळा तिच्याकडे टक लावून बघत होता, आणि दुसऱ्या बाजूला नुसता गोंदाचा वाळका डाग. काल संध्याकाळी दोन्ही डोळे होते. तिने स्वतः फोटो काढून माहेरच्या ग्रुपवर टाकला होता.

तिची नजर जमिनीवर गेलीच नाही. ती थेट पिहूवर गेली. सव्वा वर्षाची पिहू टेबलाच्या पायाला धरून उभी होती, आणि तिचं तोंड हलत होतं.

प्रणालीने झडप घालून लेकीच्या तोंडात बोट घातलं. गालात, जिभेखाली, टाळूला. फ्रॉकच्या नाडीचं ओलं टोक तेवढं निघालं. पिहूने भोकाड पसरलं.

"काय झालं वं वहिनी?" कूलरसमोर हात पसरून बसलेल्या आचलने विचारलं. परवा तिचं लग्न. कोपरापर्यंत मेंदी ओली, त्यामुळे सकाळपासून ती दारही कोपराने ढकलत होती.

"हिने गुंज खाल्ली."

"कायची गुंज?"

"नवरदेवाचा डोळा."

"घ्या! माह्या नवऱ्याचा डोळा खाल्ला इनं? आता थो मले पाहीन कसा?" आचल खळखळून हसली. मग वहिनीचा चेहरा दिसला, आणि ती मुकाट्याने उठून उभी राहिली.

लग्न अमरावतीला होतं. तिथल्या हॉलमध्ये रुखवत मांडायचं, आणि मुलाकडच्या बायका एकेक वस्तू उचलून, उलटीसुलटी करून बघणार. ते रुखवत प्रणालीने स्वतःहून अंगावर घेतलं होतं. पिहू झाल्यावर कॉलेजातली तासिकेवरची नोकरी सुटली, दिवसभर घरात हात नुसते शिवशिवायचे. तिने काड्यापेटीच्या काड्यांची बैलबंडी केली, जुन्या बांगड्यांना लोकर गुंडाळून तोरण केलं, करवंटीचा गणपती केला. पाहुण्यांना द्यायला मातीच्या बोळक्यांत तुळशीची रोपं लावली. सगळ्यांच्या मधोमध सुपारीचे नवरा-नवरी, गळ्यात गुंजांच्या माळा.

गुंजा आचलच्या गोवर्धनमामांनी अकोटाहून पिशवी भरून आणून दिल्या होत्या. लाल अंगावर काळा ठिपका, रंगवायची गरजच नाही. प्रणाली वनस्पतिशास्त्र शिकलेली. या बीच्या पोटात विष असतं हे तिने परीक्षेत लिहिलं होतं, पुढे वर्गात शिकवलंही होतं. घरातल्या प्रत्येक प्लगला टेप लावणारी, द्राक्षाचेसुद्धा चार तुकडे करून भरवणारी बाई. आणि गुंजा तिने स्वयंपाकघरातल्या वाटीत ठेवल्या होत्या.

तिने नवऱ्याला फोन लावला. योगेश अमरावतीला हॉलवाल्याशी खुर्च्यांवरून भांडत होता.

"अगं, गुंजेचा पाला तर पानात घालून खातात. गोड लागतो."

"पाला, योगेश! बी नाही!"

"बरं, ओरडू नको. सापडेल तिथंच कुठंतरी. आईला विचार."

"आई-बाबा बाळापूरला गेलेत, देवीपुढे पत्रिका ठेवायला. दोघांचेही फोन लागत नाहीत. मी निघाले दवाखान्यात."

ऑटोत आचल मेंदीचे हात हवेत धरून बसली, जणू कुणी बंदूक रोखलीय. गतिरोधकावर ऑटो उडाला आणि पिहूने प्यायलेलं सगळं दूध प्रणालीच्या अंगावर ओकून टाकलं.

"सुरू झालं," प्रणाली पुटपुटली. ती त्या फाटलेल्या दुधात बोटं फिरवून लाल काही दिसतं का बघत होती.

"वहिनी, गाडी उडली ना! इले गाडी नेहमीच लागते."

"भैया, जरा जल्दी."

"इससे जल्दी गया तो पोट्टी फिर उलटेगी, मॅडम," ऑटोवाला म्हणाला.

जठारपेठेतल्या लहान मुलांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पिहूचं पोट दाबून पाहिलं, डोळ्यांत टॉर्च मारला आणि शांतपणे विचारलं, "बी अख्खी होती का?"

प्रणालीने पिहूला आणखी जवळ ओढलं.

"अख्खी असेल तर फारसं भ्यायचं कारण नाही. कवच टणक असतं, बहुतेक वेळा तशीच पडून जाते. फुटकी असेल तर मात्र वेगळं."

प्रणालीला आपले हात दिसले. माळेसाठी गुंजा गरम पाण्यात भिजवायच्या, फुगल्या की सुई आरपार घालायची. काही मध्येच तडकायच्या. टाकवत नव्हत्या इतक्या सुंदर. म्हणून तडकलेल्या तिने डोळ्यांसाठी वापरल्या. फुटकी बाजू आत, चांगली बाहेर. कोणाला कळणार आहे? ही युक्ती तिने फोटोखाली कौतुकाने लिहिलीही होती.

"फुटकी होती," ती म्हणाली. "मीच फोडली."

पुढे सगळं भराभर झालं. पिहूला विष शोषून घेणारी कोळशाची काळी पूड पाण्यात कालवून पाजली. निम्मी पोटात, निम्मी ओठांवर, हनुवटीवर, नर्सच्या बाहीवर. इवल्या हाताला सुई टोचून सलाईन लावलं, हात पुठ्ठ्याला बांधला. आजचा दिवस ठेवावं लागेल, म्हणाले; कदाचित उद्याचाही.

उद्या हळद. आचल पायाने स्टूल सरकवून वहिनीजवळ बसली. प्रणाली पिहूचा श्वास बघत होती. पोट वर जातं, खाली येतं. आता जरा वेगाने जातंय का? ओठ निळे आहेत का? ओठ तर काळे केलेत, कळणार कसं? ती उठायची, बसायची, परत उठायची. नर्सला तिने इतक्या वेळा बोलावलं की शेवटी नर्सने खुर्चीच आणून पलंगाशी टाकली.

दुपार कलली तेव्हा सासू-सासरे आले. योगेशचा फोन त्यांना परतीच्या बसमध्ये लागला होता, पण आवाज तुटत होता. पिहू दवाखान्यात आहे एवढंच कळलं होतं. वामनराव दारातच थबकले. रुख्मिणीबाई सरळ आत आल्या, आणि नातीचं काळं तोंड पाहून त्यांनी कपाळाला हात लावला.

"अवो माय! काय खाल्लं इनं?"

"गुंज, आई. नवरदेवाच्या डोळ्याची. फुटकी होती."

"कोण म्हनते खाल्ली?"

"डोळा जागेवर नाही ना!"

रुख्मिणीबाई पदराचं टोक पुढे ओढून गाठ सोडू लागल्या. गाठ घट्ट बसली होती, दातांनी सोडवली. आतून देवीचा अंगारा निघाला, सुटे पैसे निघाले, आणि त्यात एक गुंज. पाठीला भोक, पोटाला आडवी चीर.

"म्या काढला सकाळीच," त्या म्हणाल्या. "वाळल्यावर चीर पुढं आली होती. लगनात फुटक्या डोळ्याचा नवरदेव मांडतेत का वं कोनी? अपशकुन होते. म्हटलं चांगली गुंज पाहू अन् लावू. निघाच्या घाईत सांगाचं राह्यलं."

प्रणाली हसली, आणि हसता हसता तिचं ते हसणं असं काही फाटलं की आचलने मेंदीची पर्वा न करता तिला मिठी मारली. पाठीवर दोन पंजे उमटले.

"मला सांगायचं ना, आई! तिच्या हातात सुई खुपसली त्यांनी!"

"मले काय माहीत तू धावत इथी येशीन?" रुख्मिणीबाईंचा आवाज चढला, आणि पुठ्ठ्याला बांधलेल्या त्या हाताकडे नजर जाताच खाली आला. "चुकलंच माह्यं. पन तू कायले लावली फुटकी?"

प्रणाली पदराने पिहूच्या हनुवटीवरची काळी पूड पुसू लागली.

डॉक्टरीणबाईंनी गुंज उलटसुलट करून पाहिली, पिहूला आणखी थोडा वेळ ठेवून घेतलं आणि मग घरी सोडलं.

घरी आल्यावर प्रणालीने साडी बदलली नाही, पाणी घेतलं नाही. तिने माळांचे दोरे कापले. नवरीचे डोळे काढले, नवरदेवाचा उरलेला काढला. बंडीच्या चाकांवर, तोरणाच्या लोंब्यांत, गणपतीच्या मुकुटात, जिथे जिथे लाल ठिपका दिसला तिथून तो सुरीच्या टोकाने उचकटला.

"अख्ख्या गुंजा तरी राहू दे," आचल म्हणाली. "रुखवत भुंडं दिसते."

"हॉलमध्ये लेकरं असतात, आचल. त्या टेबलाच्याच उंचीची."

रुख्मिणीबाई देवघरात गेल्या, काजळाची डबी घेऊन आल्या आणि काडीला कापूस गुंडाळून नवरदेवाला डोळे रेखायला बसल्या. एक जरा मोठा झाला.

"पाह्य बरं, जमलं का?"

"जमलं," प्रणाली म्हणाली. "पण तो इकडेच बघतोय."

"बघू दे. नवरीकडं पाहाले जलम पडला हाये."

गुंजांची पिशवी बांधून वामनराव कपाटाच्या माथ्यावर ठेवायला निघाले. प्रणालीने ती त्यांच्या हातातून घेतली, परत उघडली, आतल्या गुंजा चाचपल्या, परत बांधली. मग खाली वाकून टेबलाखाली पाहिलं. सोफ्याखाली पाहिलं. झोपलेल्या पिहूची बंद मूठ तिने हळूच, एकेक बोट करत उघडली. मुठीत काही नव्हतं. तरी तिने ती मूठ परत मिटू दिली नाही. स्वतःचं बोट त्यात घालून ती तशीच बसून राहिली.