आरशाचं भाडं

आमच्या ऑफिसच्या सर्व्हरवर जबडे असायचे. मामांचा धंदा कवळ्या आणि दातांच्या टोप्या बनवायचा. दवाखान्यांतून लोकांच्या तोंडाचे स्कॅन यायचे, आमच्याकडे कामाला असलेली ताई ते कॉम्प्युटरवर उघडून दात घडवायची आणि सगळं सांभाळून ठेवायचं काम माझ्याकडे होतं. बहिणीचा मुलगा असल्यामुळे अर्धा पगार आणि पूर्ण ओरडा, असा माझा हुद्दा होता.

एके दिवशी सर्व्हर भरला. शेवटचा जबडा अर्धाच मावला. वरचे दात आले, खालचे दवाखान्यातच राहिले.

"जागा वाढव," मामा म्हणाले. "पण स्वस्तात."

"मोठ्या डिस्क लागतील. दोन."

"दोन कशाला?"

मी समजावलं. आपल्या सर्व्हरमध्ये दोन डिस्क आहेत, पण दुसरी पहिलीचा आरसा आहे. जे इथे तेच तिथे. एक गेली तरी दुसरीवर सगळं शाबूत.

मामांचा चेहरा खिसा कापला गेल्यासारखा झाला.

"म्हणजे अर्धी जागा आरसा खातोय? आरशात दुसरी खोली दिसते म्हणून घरमालकाला दोन खोल्यांचं भाडं देतोस का रे, शहाण्या? काढ तो आरसा!"

"आणि उरलेली डिस्क मेली तर?"

"मरणाची भाषा घरी. इथे धंदा आहे."

ताई खुर्ची वळवून म्हणाली, "निदान ट्रम्पेटवाल्याचं काम तरी आणखी एका जागी ठेवू द्या हो."

बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणारा एक माणूस स्कूटरवरून पडला होता, आणि पुढचे दात रस्त्यावरच राहिले होते. त्याला नुसते दात नको होते, स्वतःचेच हवे होते. ट्रम्पेट ओठांवर टेकतो आणि ओठ दातांवर. दातांचा उतार जरा चुकला की सुराऐवजी हवा. नशिबाने अपघाताआधी त्याच्या दाढेची टोपी आम्हीच केली होती, म्हणून शाबूत जबड्याचा स्कॅन सर्व्हरवर होता. ताई त्यावरूनच दात घडवत होती.

"आणखी एका जागी म्हणजे पुन्हा आरसाच की," मामा म्हणाले. पेनड्राइव्हवर ठेवायचा प्रश्नच नव्हता. चोरी होते म्हणून ऑफिसमधले सगळे पेनड्राइव्ह मामांच्या कपाटात कुलूपबंद होते.

मी आरसा काढला. जागा दुप्पट झाली. मामा दवाखान्यांत फोन करून करून ही युक्ती सांगू लागले. मोकळी डिस्क मोकळी बघवेना, म्हणून त्यांनी तिच्यावर कराओकेवर गायलेली स्वतःची गाणी भरली.

मग जबड्यांची डिस्क दारावर टकटक करावी तशी वाजू लागली, आणि गप्प झाली. दुरुस्तीवाल्याने उघडून बघितली आणि तशीच परत दिली. डॉक्टरांना विचारलं, तर तेही स्कॅन आमच्याकडे पाठवले की पुसून टाकत. जागा वाचते म्हणून.

गावभराचे जबडे गेले. मामांचा आवाज तेवढा राहिला.

ताईने ट्रम्पेटवाल्याचा एक हसरा फोटो मागवला आणि त्यावरून अंदाजाने दात केले. दिसायला छान झाले होते. तो ट्रम्पेट घेऊनच आला. दवाखान्यात दात बसवूनच आला होता. त्याने ट्रम्पेट ओठांना लावला, गाल फुगवले.

फुस्स.

परत फुंकलं. परत तेच. ताई खाली मान घालून कीबोर्ड पुसत बसली.

"सवय होईल," मामा म्हणाले.

"कोणाला?" त्याने विचारलं.

"अहो, दात एक नंबर आहेत. काहीही चावा, तुटणार नाहीत."

"वाजलंच नाही तर चावायला आणू कुठून?"

मामांनी जरा विचार केला. मग मोठ्या मनाने माझ्याकडे वळून म्हणाले, "यांच्या बिलात डिलिव्हरीचे पैसे लावू नकोस रे."