केनानच्या डोक्यावरचं छप्पर

केनान मीठ घेऊन उत्तरेकडे गेला आणि येताना अक्कल घेऊन आला. तिकडच्या खजुरांच्या गावांत म्हणे पुरुष दोन-दोन बायका करतात आणि दोघी एका छपराखाली गुण्यागोविंदानं नांदतात. नुसतं ऐकवून तो थांबला नाही. थोड्याच दिवसांत तिकडचा व्यापारी हाजी बशीर आमच्या वस्तीवर हजर, लेकीची सोयरीक पक्की करायला.

मी चहा ठेवला. पाहुण्याला चहा चुकत नाही, मग तो माझ्यासाठी सवत घेऊन आलेला का असेना.

"माझी लेक राहणार कुठे?" हाजीनं विचारलं.

"इथेच की," केनाननं हात पसरून तंबू दाखवला. "तेहित त्या कोपऱ्यात सरकेल."

तेहित म्हणजे मी. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. या तंबूचं एकेक कातडं माझ्या आईनं आणि मावश्यांनी माझ्या लग्नासाठी शिवलेलं. केनान लग्नात आला तो उंट, खोगीर आणि तलवार घेऊन. आमच्या या अहग्गरच्या वाळवंटात तंबू बायकोचा असतो, पुरुष तिच्याकडे राहायला येतो. हे त्यालाही ठाऊक होतं, पण बाहेरची हवा लागली होती ना.

"कोपरा कुणाचा रे?" मी विचारलं.

"पाहुण्यांसमोर तमाशा नको."

"तमाशा कसला? सामान आवरतेय."

मी बाहेर आले आणि पहिली खुंटी उपटली. कातडं हाजीच्या पगडीवर लोंबलं. चहाचा पेला सांभाळत बिचारा रांगतच बाहेर पडला.

केनाननं आईला हाक मारली. माझी सासू, म्हणजे माझी सख्खी आत्याच, शेजारच्या तंबूतून काठी टेकत आली.

"आई, हिला सांग काहीतरी."

"अगं तेहित," आत्या म्हणाली, "अशी ओढू नकोस, तुटेल. आधी हलवून घे." आणि दुसऱ्या बाजूची खुंटी तिनं स्वतः काढली.

भर उन्हात केनान खोगिरावर बसून राहिला. मी कातडी गुंडाळली, खांब बांधले, सगळं माझ्या उंटावर चढवलं. वाईट वाटलंच. याच्यासाठी मी बाजरी कांडली होती, याच्या गाण्यावर जीव टाकला होता. पण कोपऱ्यात सरकून बसले असते, तर त्याहून जास्त वाईट वाटलं असतं.

हाजीनं उघड्या वाळूकडे पाहिलं. "केनान, तुझं घर कुठलं?"

केनाननं तोंडावरचा निळा फडका पार डोळ्यांपर्यंत ओढला. "आई, तुझ्या तंबूत तात्पुरतं..."

"माझ्यात मी राहते," आत्या म्हणाली.

हाजीनं पेला वाळूत ठेवला आणि लेकीचं नाव न काढता निघून गेला.

"तेहित, उभार ना परत," केनान हळूच म्हणाला.

"उभारणार तर. माझ्या आईच्या वस्तीवर. आज बायका ढोल वाजवतील, काडीमोड घेऊन मी सुटले म्हणून."

"आणि मी?"

"तू पुरुष आहेस, केनान. एखादी तंबूवाली गाठ, आणि ठेवून घेते का विचार."